जुन्या रोपवाटिकेची जागा घेतलीत? मातीतलं कीटकनाशक काढताना या चुका टाळा

जागा दिसायला झकास असते. पाच-सहा एकर, बांधाला साग, मधे पत्र्याचं गुदाम, सिमेंटचा हौद, विहीर आणि तण माजलेले जुने गादीवाफे. कधीकाळी इथून ट्रक भरभरून सागाची रोपं जायची. आता नव्या मालकाला होमस्टे काढायचा असतो, नाहीतर सेंद्रिय भाजीपाला. मग गावातलं कुणीतरी सहज बोलून जातं, "तिथं पूर्वी पावडर लई मारायचे." आणि माझा फोन वाजतो. माती-पाण्याचे नमुने घेणं हे माझं काम.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा बीएचसी, हे क्लोरीनवालं जुनं कीटकनाशक. सागाच्या वाफ्यात हुमणी लागली की रोप वरून हिरवं दिसतं आणि ओढलं तर मुळाशिवाय हातात येतं. तिच्यावर आणि वाळवीवर एकेकाळी बीएचसी, आल्ड्रिन, नंतर फोरेट असा मारा व्हायचा. डीडीटी शेतीतून १९८९ मध्ये गेलं, आल्ड्रिनवर १९९६ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झालं. ही नावं दुकानातून गेली. फोरेट मातीत फार काळ टिकत नाही, पण बाकीची क्लोरीनवाली मंडळी मातीला चिकटून दशकं काढतात.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, कारण पुढच्या बहुतेक चुका ती विसरल्यानेच होतात. विष जिथं वापरलं तिथं कमी असतं, जिथं हाताळलं तिथं जास्त. वाफ्यात पावडर मोजून पडायची. गुदामाच्या दारात, कालवायच्या जागी, पंप धुवायच्या नळाखाली ती न मोजता पडायची.

आधी नांगर घालणं

ही सगळ्यात महागडी चूक, आणि सगळ्यात जास्त केली जाणारीही हीच. जागा ताब्यात आली की पहिला माणूस येतो तो ट्रॅक्टरवाला. तण काढून, जमीन सारखी करून मग बघू, असा विचार.

हिशेब करून बघा. १० टक्के बीएचसीचं ५० किलोचं एक पोतं गुदामापाशी फुटलं, तर मातीत ५ किलो मूळ रसायन गेलं. ते एका गुंठ्यात, वरच्या १५ सेंटीमीटर थरात आहे असं धरा. ही माती साधारण २१ टन भरते, म्हणजे दर किलो मातीत २४० मिलिग्रॅमच्या आसपास. प्रकार गंभीर आहे, पण माती दोन-तीन ट्रकांत उचलता येते. आता तीच माती नांगर आणि रोटाव्हेटरने एकरभर पसरली, तर दर किलोला जेमतेम ६ मिलिग्रॅम उरतात. आकडा छोटा झाला म्हणून लोक खूश होतात. पण तो आकडा आता साडेआठशे टन मातीत आहे, आणि भाजीपाल्यासाठी तो तरीही जास्तच आहे. दोन-तीन ट्रकांचं काम ऐंशी-पंच्याऐंशी ट्रकांवर गेलं.

जेसीबीने सपाटीकरण करणं, पाया खोदून निघालेली माती दुसरीकडे भरावाला टाकणं, हे सगळं याच जातीचं. नमुन्यांचे निकाल हातात येईपर्यंत जमिनीला लोखंड लावू नका. तण हाताने कापा.

सगळ्या शेतातून खड्डे काढून एक नमुना करणं

खतांच्या शिफारशीसाठी आपण नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती घेतो, घमेल्यात कालवतो आणि चार भाग करून अर्धा किलो पाठवतो. नत्र-स्फुरदासाठी ही पद्धत उत्तम. इथे ती सरळ फसवते. नऊ ठिकाणची चांगली माती दहाव्या ठिकाणचं विष पातळ करते आणि अहवाल "ठीक" येतो.

एका जागी मी स्वतः हेच करत होतो. चौकटी आखल्या होत्या, खुंट्या मारल्या होत्या. बांधावर बसलेले सत्तरीचे एक काका, जे त्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होते, अर्धा तास बघत राहिले आणि मग म्हणाले, "तिथं काय उकरता साहेब? पावडर तर आम्ही चिंचेखाली कालवत होतो." चिंचेखाली गेलो. एक फुटका हौद, त्याच्या कडेला पायाने गुळगुळीत झालेली फरशी, फरशीच्या फटीत पांढरट कण. गुदामाचा उंबरा आणि ही फरशी, या दोन ठिकाणचे नमुने बाकी सगळ्या खुंट्यांपेक्षा कितीतरी पट वर निघाले.

म्हणून पहिला दिवस माणसांसाठी ठेवा. जुना वॉचमन, रोजंदारीवरच्या बाया, ट्रॅक्टरवाला. प्रश्न साधे: पोती कुठं उतरायची? कुठं कालवायचे? पंप कुठं धुवायचे? उरलेलं कुठं ओतायचे? रिकामी पोती जाळायचे की पुरायचे? मग प्रत्येक ठिकाणचा वेगळा नमुना, वरचे १५ सेंटीमीटर वेगळे, त्याखालचे वेगळे. वाफ्यांचा एक एकत्र नमुना चालतो. नाला जिथं जागेबाहेर पडतो तिथला गाळ मात्र विसरू नका, कारण ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती वाहत्या मातीवर बसून जातात.

बीएचसीला कुबट, मातकट वास असतो. वळवाच्या पहिल्या पावसानंतर गुदामापाशी तो वास आला तर जागेची नोंद करा. पण मुद्दाम माती नाकाशी नेऊन हुंगू नका, हे सांगावं लागतं कारण मी लोकांना तसं करताना पाहिलंय.

लॅबला चुकीचा प्रश्न विचारणं

लॅब तुम्ही मागाल तेवढंच मोजते. पोत्यावर "लिंडेन" वाचून फक्त लिंडेन मागितलं, तर "आढळले नाही" असा गोड अहवाल येऊ शकतो. साध्या बीएचसी पावडरीतल्या रसायनात लिंडेन, म्हणजे गॅमा प्रकार, १०-१५ टक्केच असतो. अल्फा ६०-७० टक्के असतो, आणि सगळ्यात चिवट असतो तो बीटा. इतक्या वर्षांनी मातीत जे उरतं त्यात बहुधा बीटाच जास्त सापडतो. तसंच आल्ड्रिनचं मातीत डिल्ड्रिन होतं, डीडीटीचं डीडीई आणि डीडीडी, एंडोसल्फानचं एंडोसल्फान सल्फेट. फक्त मूळ नाव शोधाल तर बरंच काही निसटेल, म्हणून त्याच्या पोरांचीही नावं यादीत घाला.

लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मातीतल्या कीटकनाशकांच्या चाचणीसाठी ती आहे का, हे विचारा. किती कमी प्रमाण मोजता येतं, हेही विचारा. नमुना काचेच्या बरणीत, बर्फाच्या पेटीत, उन्हापासून लांब.

दोन लॅबच्या आकड्यांत मोठा फरक आला तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी एकक बघा. एकाने मिलिग्रॅममध्ये दिलंय आणि दुसऱ्याने मायक्रोग्रॅममध्ये, हे नेहमीचं. मग बघा की वजन ओल्या मातीचं धरलंय की वाळलेल्या. तेही जुळत असेल तर माती नीट कालवली गेली नव्हती. पावडरीचा एक खडा बरणीत आला की आकडा उडी मारतो.

लाकडाचा डेपो होता, हे विसरणं

रोपवाटिकेशेजारी खांब, बल्ल्या किंवा स्लीपर भिजवायची टाकी होती का? असेल तर कीटकनाशकांच्या यादीबरोबर आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबंही मोजा. या तिघांचं मिश्रण लाकडाला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून जगभर वापरलं गेलं, आणि त्याचा शोध आपल्याच देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये लावला. ॲस्क्यू हे त्याचं व्यापारी नाव जुन्या कामगारांच्या तोंडी सापडेल. डीडीटी निदान शतकभरात विघटित तरी होईल, आर्सेनिक हे मूलद्रव्यच आहे, ते कुठं जाणार?

असल्या टाकीभोवतीचं हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका. आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं, आणि ती राख पुढे भांडी घासायला किंवा झाडांच्या आळ्यात जाते.

लाकडाचा भुसाही निरुपद्रवी समजू नका. न्यूझीलंडच्या व्हाकाटाने गावातल्या गिरणीत लाकूड टिकावं म्हणून त्यावर पेंटाक्लोरोफेनॉल हे रसायन वापरलं जायचं, आणि त्यात भेसळ म्हणून डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन होतं. गिरणीचा लाकूडकचरा गावात ठिकठिकाणी भरावाला गेला, सांडपाणी कोपेओपेओ कालव्यात. आजारी कामगारांनी "सॉमिल वर्कर्स अगेन्स्ट पॉयझन्स" ही संघटना काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी कालव्यातला गाळ उपसून मोठमोठ्या कापडी पिशव्यांत भरावा लागला आणि बुरशी, जिवाणू, झाडं यांच्या साहाय्याने त्यावर प्रक्रिया करावी लागली. पेंटाक्लोरोफेनॉलवर भारतात १९९१ पासून बंदी आहे, त्याआधीच्या डेपोत ते असू शकतं.

धुणं, जाळणं, पुरणं

गुदामाची फरशी पाइपने धुऊ नका. फरशीवरचं विष आपल्याच हाताने नाल्यात जातं. ओल्या भुशाने किंवा ओलसर वाळूने हळू झाडा आणि तो झाडलेला माल जाड पिशवीत बंद करा. पोती, डबे जाळू नका. रिकाम्या पिंपाला भोक पाडा, नाहीतर कुणीतरी ते पाण्यासाठी नेतंच.

आणि विहिरीत टाकून वर माती लोटणं ही तर दुसऱ्याच्या पदरात टाकलेली चूक. केरळमधल्या कासरगोडचं उदाहरण कोकणातल्या काजूवाल्यांनी नीट वाचावं. तिथं प्लांटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळच्या काजूबागांवर ढेकण्यासाठी दोन दशकं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. फवारणी थांबली, पण साठा गुदामांतच राहिला. पिंपं गळू लागली, आणि २०१२ मध्ये खास मोहीम काढून ते द्रव नव्या पिंपांत भरावं लागलं. उरलेलं औषध एका बागेतल्या विहिरीत पुरल्याचा आरोप झाला, आणि ते प्रकरण फवारणी थांबून वीस वर्षं उलटल्यावर राष्ट्रीय हरित लवादापुढे आलं.

उरलेली पावडर, द्रव आणि जास्त दूषित माती यांची रीतसर वाट एकच: राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवणं आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवणं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियमही आणलेत. लोक बोभाटा होईल म्हणून कळवत नाहीत, पण विकताना हाच कागद तुम्हाला वाचवतो.

घरगुती उतारे

गोमूत्र, शेणखत, कडुनिंब, जिवाणूंची बाटली: प्रत्येक जागी कुणी ना कुणी हे सुचवतं. शेणखताचा थोडा उपयोग खरा आहे. सेंद्रिय कर्ब ही रसायनं धरून ठेवतो, पिकात थोडी कमी जातात. मातीतला आकडा मात्र तसाच. आर्सेनिकच्या जागेवर तर चुना किंवा फॉस्फेटचं खत घालूच नका, त्याने बांधलेलं आर्सेनिक सुटं होतं.

नेचा हा एकच उतारा मला खरोखर आवडतो. टेरिस व्हिटाटा नावाचा हा नेचा आपल्याकडे जुन्या विहिरींच्या आणि भिंतींच्या फटीत उगवतो. तो आर्सेनिक पानात साठवतो हे २००१ मध्ये जाहीर झालं, आणि ती नोंद फ्लोरिडातल्या एका बंद पडलेल्या लाकूड-प्रक्रिया जागेवरची होती. पण काम वर्षानुवर्षांचं, आणि कापलेली पानं हा स्वतःच घातक कचरा. कंपोस्टात टाकलीत तर आर्सेनिक फिरून बागेत.

खोदताना, आणि खोदल्यावर

काम मेच्या मध्याच्या आत संपवा. उघड्या खड्ड्यावर पहिला पाऊस पडला तर सगळं नाल्यात. माती हलकी ओलसर ठेवून उचला, धूळ हीच मजुरांची मुख्य वाट. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि कामावरच आंघोळ. कपडे घरी धुवायला नेऊ नका, घरात रांगणारं मूल असतं.

माती काढून झाली आणि तरीही आकडा खाली येत नाही, ही तक्रार वारंवार येते. कारणं बहुधा तीनच. एक, खड्ड्याच्या तळाचा नमुना घेतला पण चारही भिंतींचा नाही, आणि विष आडवं पुढे गेलेलं होतं. दोन, भरावासाठी आणलेला मुरूम त्याच जागेच्या दुसऱ्या कोपऱ्यातला. तीन, काढलेल्या मातीचा ढीग ताडपत्रीशिवाय शेजारीच पडून होता.

कमी दूषित भाग न काढता झाकायचा असेल तर आधी रंगीत जाळी अंथरा, मग स्वच्छ माती. दहा वर्षांनी कुणी खड्डा खणला तर जाळी दिसेल आणि तो थांबेल.

मग पहिली लागवड. निकाल सीमेवर असेल तर दुधी, भोपळा, काकडी लावू नका. भोपळ्याच्या कुळातली पिकं डीडीई आणि डिल्ड्रिन मुळांतून वर ओढतात, बाकीच्या भाज्यांपेक्षा कितीतरी जास्त. वांगी, टोमॅटो त्या मानाने बरे, मुळा-गाजर नको. आणि होमस्टेच्या पाहुण्यांना गावरान अंडी द्यायचा बेत असेल, तर कोंबड्या गुदामाच्या बाजूला मोकळ्या सोडू नका. त्या दिवसभर माती टोचतात आणि चरबीत साठलेलं अंड्याच्या बलकात उतरवतात. कोंबड्या आधीच असतील, तर मातीबरोबर सहा अंडीही लॅबला द्या.