मेनफ्रेमवर सर्व्हर एकत्र आणताना लायसन्सचा हिशेब कसा मांडावा

वीस-पंचवीस एक्स८६ (इंटेल धाटणीचे साधे) सर्व्हर बंद करून त्यांचं काम आयबीएम झेड किंवा लिनक्सवन या मेनफ्रेमवर न्यायचं ठरलं की चर्चा मशीनच्या किमतीवर अडकते. डेटाबेस आणि मिडलवेअरची लायसन्सं प्रोसेसरवर मोजली जात असतील, तर खरा पैसा तिथे आहे. म्हणून एलपार (मशीनचे स्वतंत्र तार्किक भाग) कसे पाडायचे, कुठल्या एलपारला किती आयएफएल द्यायचे, हे कामगिरीइतकंच लायसन्सकडे बघून ठरवा. मशीन बसल्यावर हा आराखडा बदलणं फार जड जातं.

आयएफएल म्हणजे फक्त लिनक्ससाठी राखलेला प्रोसेसर. तो वाढवला म्हणून झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या सॉफ्टवेअरचं बिल वाढत नाही, आणि साधे प्रोसेसर कमी क्षमतेच्या मॉडेलचे असले तरी आयएफएल पूर्ण वेगानेच चालतो. लिनक्सची सबस्क्रिप्शन आयएफएलमागे घेतली तर त्यावर गेस्ट (व्हर्च्युअल मशीन) कितीही चालवता येतात, त्यामुळे तिथे डोकं फार शिणवू नका.

आधी गुणक, मग मोजणी

एकाच कोअरला प्रत्येक विक्रेता वेगळं वजन देतो. ओरॅकलच्या कोअर फॅक्टर तक्त्यात इंटेल झिऑनला 0.5 आणि झेडला 1.0 आहे. आयबीएमच्या पीव्हीयू (प्रोसेसर व्हॅल्यू युनिट) पद्धतीत दोन सॉकेटच्या झिऑन सर्व्हरवर कोअरमागे 70, मोठ्या झेड मशीनच्या आयएफएलला 120. म्हणजे ओरॅकलच्या बाबतीत एका आयएफएलने दोनाहून जास्त एक्स८६ कोअरचं काम उचललं तरच फायदा, पीव्हीयूच्या बाबतीत साधारण 1.7 कोअरच्या पुढे. ही दोन गुणोत्तरं प्रत्येक उत्पादनासमोर लिहून ठेवा. एकच सरसकट आकडा धरला की हिशेब फसतो.

उदाहरण घेऊ. ओरॅकल एंटरप्राइझ एडिशनचे 20 सर्व्हर, प्रत्येकी 16 कोअर. एकूण 320 कोअर, म्हणजे 160 लायसन्सं. आता किमान एक महिन्याचा, महिनाअखेर धरून, सार या प्रोसेसरच्या वापराची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा डेटा काढा. सार मुळात दर 10 मिनिटांनी नोंद करतो, तेवढं पुरतं. प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र कमाल घेऊन बेरीज करू नका. प्रत्येक 10 मिनिटांची सगळ्या सर्व्हरची बेरीज करा आणि त्या बेरजेची कमाल घ्या. समजा ती 35 कोअर आली. तुमच्याच कामावर घेतलेल्या चाचणीत एक आयएफएल तीन कोअरइतकं काम करतो असं दिसलं, तर 11.7 आयएफएल लागतील. 85 टक्क्यांवर चालवायचं म्हटलं तर 14. लायसन्सं 160 वरून 14. प्रत्येकी 47,500 डॉलरच्या छापील दराने 76 लाख डॉलरच्या जागी 6 लाख 65 हजार, आणि त्यावर दरवर्षी 22 टक्के सपोर्ट.

तीनाचा आकडा विक्रेत्याच्या सादरीकरणातून उचलू नका. जुन्या झिऑनसमोर तो मोठा येतो, नव्यासमोर घटतो. आणि तुलना रिकाम्या पडलेल्या जुन्या सर्व्हरशी करून थांबू नका. तेच काम कमी कोअरच्या नव्या एक्स८६वर एकत्र केलं तर काय होईल, हा रकानाही तक्त्यात हवा. नाहीतर वित्त विभागातलं कुणीतरी तो प्रश्न विचारणारच.

भिंत कुठे घालायची

सगळ्यात महाग चूक इथे होते. 20 आयएफएलचा एकच मोठा एलपार, त्यात झेड/व्हीएम (गेस्ट चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर), त्याखाली ओरॅकलचे चार गेस्ट आणि बाकी वेबसर्व्हर. गेस्टना मिळून चारच व्हर्च्युअल सीपीयू दिले तरी ते वीसपैकी कुठल्याही आयएफएलवर धावू शकतात, म्हणून ओरॅकल वीस मोजतं. त्यासाठी ओरॅकलला स्वतंत्र एलपार द्या. विभागणीबद्दलचं ओरॅकलचं धोरणपत्रक कराराचा भाग नसतं, त्यामुळे एलपारची हद्द मान्य असल्याचं करारात लेखी घ्या.

एलपारच्या अ‍ॅक्टिव्हेशन प्रोफाइलमध्ये सुरुवातीचे प्रोसेसर आणि राखीव प्रोसेसर असे दोन रकाने असतात. लायसन्स बांधलेल्या एलपारमध्ये राखीव शून्य ठेवा. राखीव असतील तर रात्री लोड वाढल्यावर ऑपरेटर एक प्रोसेसर ऑनलाइन घेतो, आणि ऑडिटमध्ये तो मोजला जातो. एलपारचं वेट (प्रोसेसरच्या वेळेतला त्याचा वाटा) म्हणजे मर्यादा नव्हे; इतर एलपार रिकामे असले की तो वेटच्या पुढे जातो.

लाइव्ह गेस्ट रिलोकेशन (चालू गेस्ट दुसरीकडे हलवणं) वापरत असाल तर आणखी एक भोक असतं. गेस्ट दुसऱ्या एलपारवर गेला की तिथले आयएफएलही हिशेबात येतात. रिलोकेशन डोमेन (गेस्ट कुठे हलू शकतो त्याची हद्द) आखून गेस्टला लायसन्स असलेल्या एलपारपुरताच बांधून ठेवा.

आयबीएमच्या पीव्हीयू उत्पादनांसाठी मात्र एलपार तोडायची गरज नाही. झेड/व्हीएम 6.3 पासून सीपीयू पूल (गेस्टच्या गटाला मिळून घातलेली प्रोसेसरची मर्यादा) आहेत. वेबस्फिअर या मिडलवेअरचे 10 गेस्ट, प्रत्येकी 2 व्हर्च्युअल सीपीयू, 12 आयएफएलच्या एलपारमध्ये: बेरीज 20, पण एलपारच 12 चा, म्हणून 12 गुणिले 120 म्हणजे 1,440 पीव्हीयू. तेच गेस्ट चार आयएफएल क्षमतेच्या पुलात टाकले की 480. पूल डिफाइन करताना कपॅसिटी हा पर्याय वापरा. लिमिटहार्ड या दुसऱ्या पर्यायाची टक्केवारी एलपारमध्ये आयएफएल वाढवले की आपोआप फुगते. पूल आयपीएलनंतर (सिस्टिम पुन्हा सुरू केल्यावर) टिकत नाही, तेव्हा तो डिफाइन करायची कमांड ऑटोलॉग१ या सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या युजरच्या प्रोफाइलमध्ये ठेवा. गेस्ट लॉगऑफ झाला की पुलातून सुटतो. म्हणून त्याला पुलात टाकणारी शेड्यूल कमांड त्याच्या डिरेक्टरी एंट्रीत कमांड स्टेटमेंट म्हणून घाला. नंतर क्वेरी सीपीयूपूलने सदस्य तपासा. हे राहिलं की पूल कागदावर असतो आणि गेस्ट मोकाट.

ही सवलत आयएलएमटी या आयबीएमच्या लायसन्स मोजायच्या साधनाशिवाय मिळत नाही. पहिल्या वापरापासून 90 दिवसांत ते बसवावं लागतं, तिमाहीला निदान एक अहवाल काढावा लागतो आणि अहवाल दोन वर्षं जपावे लागतात. ते नसेल तर पूर्ण क्षमता मोजतात: मशीनवर 20 आयएफएल चालू असतील तर 2,400 पीव्हीयू, तुमचा पूल कितीही लहान असो.

झेड१३ या मॉडेलपासून आयएफएलवर एका कोअरचे दोन थ्रेड चालतात. लायसन्स कोअरवर मोजतात, थ्रेडवर नाही, त्यामुळे हा फायदा लायसन्स न वाढता मिळतो. तुमच्या कामावर तो किती मिळतो, हे मोजून घ्या. सगळ्यांना सारखा मिळत नाही. जुन्या सर्व्हरचे 16 कोअर पाहून गेस्टला 16 व्हर्च्युअल सीपीयू देऊ नका. दोनने सुरुवात करा, लागेल तसं वाढवा.

स्टँडबाय आणि अदलाबदलीचा काळ

दुसऱ्या केंद्रात ओरॅकल डेटा गार्डचा स्टँडबाय (मूळ डेटाबेसची तयार ठेवलेली प्रत) असेल तर त्याला पूर्ण लायसन्स लागतं. वर्षाला दहा दिवसांची सूट फक्त सामायिक स्टोरेजवरच्या फेलओव्हर क्लस्टरच्या एका नोडला आहे, आपत्ती केंद्राला नाही.

स्थलांतराच्या काळात जुना आणि नवा दोन्ही डेटाबेस चालू असतात आणि दोन्ही मोजले जातात. चार-पाच सर्व्हरच्या तुकड्या करा, एक तुकडी पूर्ण बंद करून तिची लायसन्सं पुढच्या तुकडीला वापरा. 160 मधली 146 मोकळी झाली म्हणून सपोर्टचं बिल त्याच प्रमाणात उतरेल असं धरू नका: एकाच ऑर्डरमधली काही लायसन्सं सोडली की उरलेल्यांच्या सपोर्टचा दर नव्याने ठरतो आणि मूळ सवलत जाऊ शकते. कुठल्या ऑर्डरमधली किती लायसन्सं सोडायची हे ऑर्डरनिहाय काढा, शक्यतो आख्खी ऑर्डर सोडा, आणि नूतनीकरणाच्या तारखेआधी लेखी कळवा. तारीख उलटली की आणखी एक वर्षाचं बिल पडतं.