हायब्रिडच्या मागच्या सीटखालची घरघर

पुणे-सातारा रोज ये-जा, म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर किलोमीटर. म्हणून स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरच्या मोटरनंही चालणारी गाडी घेतली. मोकळ्या हायवेवर तिचा फायदा कमीच. पण खंबाटकीच्या उतारावर आणि नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते, हे मला फार आवडतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मागच्या सीटखालचा पंखा घरघरू लागला आणि ॲव्हरेज घसरलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "एसीचा लोड असेल." मला पटेना. या गाडीची बॅटरी त्याच पंख्यानं केबिनमधलीच हवा ओढून थंड राहते. ती तापली की तिच्यावरचा भार कमी केला जातो आणि इंजिन जास्त चालतं. लक्षणं तंतोतंत तीच!

गाडी बंद करून सीटखालची, ही हवा आत घेणारी जाळी काढली. आतला फिल्टर धुळीनं आणि सीटकव्हरच्या तंतूंनी पार बुजलेला, मूळ रंगही दिसेना. मऊ ब्रशनं झाडला, व्हॅक्युम फिरवला. पाणी लावलं नाही. नारिंगी केबल हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांच्या वाटेला गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून पंखा शांत, ॲव्हरेजही हळूहळू पूर्वीच्या जागी आलं.

तुमच्या गाडीत ही जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये नक्की बघा, आणि तिच्यासमोर बॅग ठेवू देऊ नका.