गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणं: या चुका टाळा

सहावी-सातवीच्या वह्या तपासताना बऱ्याचदा उत्तरापर्यंत जावंच लागत नाही. पहिल्याच ओळीत ‘5 + 3 = 8’ दिसतं आणि पुढचं सगळं कळतं. उदाहरण पूर्ण वाचण्याआधीच बेरीज झालेली असते.

ही खोड एका वर्गाला मीच लावली. ‘गुणोत्तरातल्या संख्यांची बेरीज करा, तिने रकमेला भागा’ असं फळ्यावर लिहून दिलं. आठवडाभर सगळ्यांची उत्तरं बरोबर, मीही खूश. मग चाचणीत विचारलं: सई आणि अमेयकडच्या पैशांचं गुणोत्तर 5:3 आहे, सईकडे 40 रुपये जास्त आहेत, तर प्रत्येकाकडे किती? अर्ध्याहून अधिक वर्गानं लिहिलं, 25 आणि 15. फरक 10 चा! ताळा केला असता तर तिथंच कळलं असतं, पण ताळा म्हणजे मुलांना शिक्षा वाटते.

दिलेली संख्या एकूण रक्कम आहे, फरक आहे की एकाचाच वाटा, हे आधी ठरवा. मी अजूनही चौकोन काढतो. सईचे पाच, खाली अमेयचे तीन. वर दोन जास्तीचे दिसतात, ते 40 चे. एक चौकोन 20 चा, म्हणजे 100 आणि 60. शिष्यवृत्तीला बसणाऱ्यांना हे बालिश वाटतं. वाटू दे.

वयांचं गुणोत्तर कायम राहत नाही. वडील 30 चे आणि मुलगी 1 वर्षाची असताना ते 30:1. पाच वर्षांनी 35:6. कायम राहतो तो फरक, 29. दुसऱ्या दोघांच्या वयांचं गुणोत्तर आज 4:5 आणि पाच वर्षांनी 5:6 असेल, तर वयं 4क्ष, 5क्ष मांडून दोन्हींत 5 मिळवा. क्ष 5 येतो. आज 20 आणि 25.

मुलगे:मुली 3:2 असतील तर मुली वर्गाच्या 2/5, 2/3 नव्हेत.

750 ग्रॅमचं 2 किलोशी गुणोत्तर 3:8. आधी एकक सारखं करा.

आणि तिरकस गुणाकार, म्हणजे दोन गुणोत्तरं बरोबरीत मांडून संख्या तिरप्या गुणणं. शिकवणीतून तो शिकून आलेली मुलं त्रैराशिक (तीन संख्या दिलेल्या, चौथी काढायची) दिसलं की तलवार उपसतात. 6 मजूर काम 10 दिवसांत करतात, 12 मजूर किती दिवसांत? त्यांचं उत्तर 20, खरं 5. मजूर दुप्पट झाल्यावर काम लांबलं कसं, हे मी विचारलं, तर एकानं शांतपणे सांगितलं, ‘सर, ते गप्पा मारत असतील.’