१९६९ची कॅमेरो बांधताय? खरेदी मागच्या चाकापासून सुरू करा

जुनी मसल कार दारात आली की माणूस आधी कॅमशाफ्ट घेतो, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. मीही घेतला, कॅटलॉगमधला सगळ्यात जंगी. सिग्नलला उभी असताना गाडी अशी गदगदायची की बघणारे खूश. ब्रेक मात्र दगडासारखा झाला. लांब ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमने आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिनमधला व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो त्याच व्हॅक्यूमवर. तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे: आधी टायर, मग गिअर, शेवटी इंजिन. उदाहरण म्हणून १९६९ची शेव्हरोले कॅमेरो घेऊ. ३५० क्यूबिक इंचांचं स्मॉल ब्लॉक (शेव्हरोलेचं छोट्या बांध्याचं व्ही-८) इंजिन, रविवारी फिरायला.

१. टायर. रिम घेताना पाच बोल्टांचं वर्तुळ ४.७५ इंचांचं आहे ना ते बघा. त्या काळच्या मस्टँगचं ४.५ इंचांचं असतं. नुसत्या नजरेला फरक कळत नाही आणि स्वस्तात मिळालेली रिम्स गॅरेजात पडून राहतात. १५ इंची रिमवर २३५/६० रेडियल चांगला बसतो: रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के. त्याची उंची काढू: २३५चे ६० टक्के १४१, दोन्ही बाजूंचे २८२, त्यात रिमचे ३८१ मिलिमीटर. एकूण ६६३, म्हणजे २६ इंच. हा आकडा लिहून ठेवा.

रुंद टायरचा मोह मागे एकवेळ चालेल, पुढे नाही. गाडी जॅकवरून उतरवा, पुढे दोन माणसं बसवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर फेंडरला कुठे घासतोय का ते पाहा. जॅकवर असताना सस्पेन्शन लोंबतं, तेव्हाचं माप फसवं. जुन्या स्टॉकमधले टायर असतील तर बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी रबर म्हातारं होतंच.

२. मागचा गिअर, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला. त्याचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या. ताशी मैल × गिअर रेशो × ३३६ ÷ टायरची उंची इंचांत (तो लिहून ठेवलेला आकडा) = इंजिनचे आरपीएम (मिनिटाला फेरे). ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) नसेल तर ३.७३च्या गिअरवर ६० मैलांना साधारण २,९०० आरपीएम, ३.०८वर २,४००. हायवेवर दोन तास बसणार असाल तर ३.७३ने कान किटतील.

३. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा. त्याच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाउसिंगजवळ (जिथे गिअरबॉक्स जोडतात) कास्टिंग नंबर असतो. तारेच्या ब्रशने घासा. ३९७००१० दिसला की विकणारा "चार बोल्टचा आहे" म्हणून भाव वाढवतो, म्हणजे क्रँकशाफ्ट धरणाऱ्या मेन कॅपला दोनऐवजी चार बोल्ट. त्या नंबरवरून ते कळतच नाही, दोन बोल्टचेही ब्लॉक याच नंबरचे आहेत. ऑइल पॅन काढून मेन कॅप बघा, मगच पैसे द्या.

४. वरचा माल. लोखंडी हेड (ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९ ते ९.५च्या आसपास ठेवा. ॲल्युमिनियम हेडला थोडं जास्त चालतं. कॅमची ड्युरेशन ०.०५० इंच लिफ्टला (कॅमने टॅपेट तेवढा उचलल्यावर मोजलेली) २१० ते २२० अंशांची पुरे. कार्ब्युरेटरला गणित लावा: ३५० (क्यूबिक इंच) × ५,५०० (जास्तीत जास्त आरपीएम) ÷ ३,४५६ = ५५७, पण इंजिन पूर्ण भरत नाही म्हणून त्याचे ८५ टक्के, सुमारे ४७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). ६००चा घ्या. ७५० ही निव्वळ हौस.

५. पहिली सुरुवात. नवा फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर टॅपेट रोलरशिवाय सरळ घासतात) असेल तर झिंकवालं ऑइल भरा, ठिणगीचं टायमिंग आधी लावून ठेवा. इंजिन लागलं की लगेच २,००० ते २,५०० आरपीएमवर न्या आणि २० ते ३० मिनिटं तिथेच खेळतं ठेवा. आयडलवर सोडलंत तर ऑइल कॅमच्या उंचवट्यांपर्यंत (लोब) नीट उडत नाही आणि कॅम पहिल्याच दिवशी खल्लास. आवाज ऐकून शेजारी गप्पा मारायला येईल. लांबूनच हात करा, ॲक्सिलरेटर सोडू नका.