दोन लाख किलोमीटर पळालेली आलिशान फोर बाय फोर घ्यायचीय? आधी मिस्त्री शोधा

लातूर असो, बीड असो, जालना असो, मोठ्या लग्नाच्या मांडवाबाहेर पांढऱ्या फॉर्च्युनरांची रांग ठरलेली. मध्येच एखादी ऑडी क्यू सेव्हन, एखादी जुनी मर्सिडीज एमएल. बऱ्याचशा दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. ही हौस आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज उचलल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या, आणि देशभर बातमी झाली होती. नवी घेणं सगळ्यांच्या आवाक्यात नसतं. मग नजर जाते दहा-बारा वर्षं वापरलेल्या, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीवर. ऐंशी लाखांची गाडी बारा-पंधरा लाखांत दारात उभी राहणार म्हटल्यावर झोप उडते.

उडू द्या. पण एक हिशेब आधीच पक्का करा: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. बारा लाखांत मिळालेल्या गाडीला लागणारा एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्रेसर ऐंशी लाखांच्या गाडीचाच असतो. म्हणून माझा साधा नियम, गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची. खिशात पंधरा लाख असतील तर बारा लाखांचीच गाडी बघायची.

मिस्त्री आधी, मॉडेल नंतर

लोक गाडी पसंत करतात आणि बिघडल्यावर मिस्त्री शोधत फिरतात. उलटं करा. तुमच्या गावापासून टोइंगला परवडेल एवढ्या अंतरात कोणत्या कंपनीची गाडी उघडणारा, स्कॅनर असलेला आणि पार्ट मागवू शकणारा माणूस आहे, ते आधी बघा. किनवट किंवा भोकरदनला राहून रेंज रोव्हर सांभाळायची तर तिचा डॉक्टर तालुक्याला मिळणार नाही, हे धरूनच चाला.

टोयोटाचं त्या मानाने सोपं. २००९ ते २०१६ मधली पहिली फॉर्च्युनर, तीन लिटरची, आपल्याकडच्या पुष्कळ मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेली आहे. तिला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा) आहे आणि तो दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो. बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून तेवढे पैसे किमतीतून कापा. नोव्हेंबर २०१६ नंतरच्या २.८ लिटरला चेन आहे, तिथे ही कटकट नाही. फोर्ड एन्डेव्हरचं ३.२ लिटरचं पाच सिलिंडरचं इंजिन मला फार आवडतं, पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. पार्टचा बंदोबस्त कसा होणार, हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय हात घालू नका.

जर्मन गाड्यांत खर्च पार्टपेक्षा मजुरीत जास्त जातो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत आणि ऑडीच्या तीन लिटरमध्ये टायमिंग चेन मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिचा आवाज यायला लागला की मोठी खोलाखोल आलीच. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही सिक्स डिझेलमध्ये ऑइल कूलरची सीलं गळतात. सील स्वस्त, पण ते बसतं दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत, त्यामुळे तिथपर्यंत पोचायला अर्धं इंजिन मोकळं करावं लागतं. डिस्कव्हरीच्या व्ही सिक्स डिझेलला बेल्ट आहे, तोही वेळेवर बदलल्याचा पुरावा हवा.

आरसी सातबाऱ्यासारखी वाचा

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतो ना, तसंच इथे. एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की कितवा मालक, बँकेचा बोजा, विम्याची आणि नोंदणीची मुदत दिसते. कर्ज फिटलं असं तोंडी ऐकून घेऊ नका. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय बोजा उतरला असं मानायचं नाही. चेसिसवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. ई-चलन तपासा, समृद्धीवर हौसेने दामटलेल्या गाडीवर चलनांची माळ असू शकते. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेली असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा. आणि पंधरा वर्षं भरत आली असतील तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचा खर्च तुमच्याच माथी येणार.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह आवरा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे त्या स्वस्त दिसतात. त्यात तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी आणि एजंटाच्या चकरा मिळवा, मग बोला.

थंड इंजिन, सकाळची वेळ

फोनवरच सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत गाडीला सेल मारू नका." पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी काहीतरी लपवलंय, किंवा तुमचं ऐकलेलं नाही. दोन्ही वाईटच.

मी पहिल्यांदा जुनी गाडी बघायला गेलो ते अंबड तालुक्यात. सोबत आमच्या गॅरेजचे चाचा. गाडी काचेसारखी चमकत होती, सीटला नवं लेदर, आत अत्तराचा वास. चाचांनी त्यातल्या कशाकडे पाहिलं नाही. थंड रेडिएटरचं झाकण काढून त्यांनी बोट आत घातलं आणि वर काढलं, तर बोटाला पांढुरका, तांबूस थर. पाणी तापवायच्या हीटरच्या रॉडवर बसतो ना, अगदी तसला. "इन्जन कू बोर का पानी पिलाए ये लोगां," म्हणत त्यांनी बोट पँटला पुसलं. ड्रायव्हर भोळा होता, त्याने लगेच कबूल केलं, "उन्हाळ्यात कमी झालं की शेतातल्या मोटारीचं टाकायचो." आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

आपल्या भागातला हा सगळ्यात मोठा रोग. बोअरचं जड पाणी कूलंटच्या जागी गेलं की क्षार आत थर धरतात, पाण्याच्या वाटा बुजतात. जानेवारीत काही कळत नाही. मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या वर गेला आणि घाट लागला की तापमानाचा काटा चढतो, आणि इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलं तर लाखाच्या गोष्टी. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, वाफेने तोंड भाजतं. आत गुलाबी, हिरवं, निळं असं स्वच्छ कूलंट दिसायला हवं.

मग ऑइलचं झाकण. आतून ताकासारखा पांढरट चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय असा संशय घ्या. सेल मारल्यावर मागे एक माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत काळा म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या वाटेत गडबड. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर तिथूनच रामराम.

मीटर किलोमीटर मोजतं, तास मोजत नाही

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही, म्हणून आकड्यापेक्षा खुणा बघा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड. ऐंशी हजार सांगतात आणि पेडल घासून लोखंड दिसतंय, असं होत नाही. टायरवर चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. सगळ्या काचांवरच्या खुणा जुळतात का पाहा. एकच काच वेगळ्या सालची असेल तर ती का बदलली ते विचारा. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी काढा. जर्मन गाड्यांत किलोमीटर एकापेक्षा जास्त मॉड्युलांत (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांत) साठतात, चांगला स्कॅनर त्यातली तफावत दाखवतो.

आता माझं मत. लातूर-पुणे हायवेवर आठवड्याला दोन फेऱ्या करून सव्वादोन लाख झालेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण आनंदाने बघेन. गुत्तेदाराची किंवा नेत्याच्या ताफ्यातली ऐंशी हजारांची मात्र नको. ती सभेबाहेर, साइटवर, दवाखान्याबाहेर एसी लावून तासन्‌तास चालू उभी असते. इंजिन झिजतं, मीटर हलत नाही.

बुडालेल्या गाडीचंही बघून घ्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर तर जास्तच. सीटच्या रुळांत गाळ आहे का, कार्पेटखाली ओल किंवा कुबट वास येतो का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या भागावर मातीचा पट्टा दिसतो का. अत्तराचा वास जरा जास्तच असेल तर मला तरी शंका येते.

फोर बाय फोर खरंच लागतं का?

अनेक मालकांनी चारही चाकांना जोर देणारा हा दांडा किंवा बटण दहा वर्षांत एकदाही हलवलेलं नसतं, आणि न वापरल्यानेच ते जाम होतं. चाचणी डांबरावर करू नका. नांगरलेलं रान किंवा नदीची वाळू बघा. गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये फोर-लो (चारही चाकं, वेग कमी पण जोर जास्त) टाका. दिवा लुकलुकत राहिला किंवा खडखड आली तर ॲक्च्युएटर (फोर बाय फोर जोडणारी मोटर) किंवा ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचं) काम निघालं. सरळ हळू चालवा, मग मागे घ्या. नव्या फॉर्च्युनरसारख्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतंच फोर बाय फोर लावायच्या गाड्यांत ते लावून कोरड्या डांबरावर वळू नका, चाकं एकमेकांशी भांडतात. पहिल्या फॉर्च्युनरचं फोर बाय फोर मॉडेल कायम चारही चाकांवर चालणारं आहे, त्याचं वेगळं. बीएमडब्ल्यू आणि तत्सम गाड्यांत चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गोटे असतील तर ट्रान्सफर केसवर ताण पडतो.

खाली वाकून बघायला लाजू नका. आपल्या काळ्या मातीचा चिखल चेसिसला लिंपलेला असतो आणि त्याखाली गळती लपते. पाण्याने धुवायला लावा, मग पुढचं-मागचं डिफरन्शियल (चाकांच्या जोडीला जोर वाटणारी गिअरची पेटी) आणि ट्रान्सफर केस तपासा.

एअर सस्पेन्शन असेल तर पुढचं जरूर करा. माझ्या दाजींनी एक जर्मन गाडी घेतली, सौद्याला मी होतो. दाखवताना ती कायम चालू होती आणि रुबाबात उभी होती. घरी आणून रात्री बंद केली. सकाळी बघतो तर पुढचं डावं अंग गुडघे टेकलेल्या बैलासारखं. फुगा गळत होता आणि ते झाकायला कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबून अर्धा मेला होता. तेव्हापासून मी खिशात टेप ठेवतो. संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजायचं, गाडी बंद ठेवायची, सकाळी सेल मारायच्या आधी पुन्हा मोजायचं. मालक एक रात्र द्यायला तयार नसेल तर उत्तर मिळालं.

रस्त्यावर

गल्लीत फेरी मारून काही कळत नाही. संभाजीनगरकडची असेल तर खुलताबादवरून म्हैसमाळला चढवा, बीडची असेल तर मांजरसुंब्याचा घाट. एसी फुल ठेवून चढताना काटा हलता कामा नये. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर टाकताना धक्का बसतो का बघा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं असं सांगणारे भेटतील. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सुचवते. शेवटी समृद्धीवर १००-१२० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं का तेवढं पाहा. त्या आधी टायरचं साल नक्की बघा.

सौदा

इसार थोडाच द्या, आणि "बोजा, चलन, अपघात निघाल्यास इसार परत" हे इसारपावतीवर लिहून घ्या. रोखीच्या गड्ड्या काढू नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, म्हणून शहाणा विक्रेताही बँकेतून मागेल. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांनी ठेवा. मधल्या वेळातल्या अपघाताची भानगड त्यावरच सुटते. विमा चौदा दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

गाडी घरी आली की त्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला. जुन्या बिलांत काही लिहिलेलं असलं तरी. कूलंट पूर्ण काढून नवं भरा. महिन्यातून एकदा रानात नेऊन फोर-लो थोडं चालवा. आणि ड्रायव्हर ठेवणार असाल तर डिक्कीतला कूलंटचा कॅन त्याला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा, नाहीतर मे महिन्यात तो शेतातल्या मोटारीकडेच वळणार.