१२३४५६७८९ चे मूळ अवयव कागदावर कसे पाडावेत

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. दिसायला अगदी बाळबोध संख्या, पण नुसता भागाकार करत बसलात तर पाचशेहून जास्त मूळ संख्या तपासाव्या लागतील. नीट क्रमाने गेलं तर एक पान पुरतं.

सुरुवात सोपी आहे. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने नि:शेष भाग जातो: १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. भागाकाराच्या अंकांचीही बेरीज करा, हे बरेच जण विसरतात. ती २६ येते, म्हणजे ३ चा विषय संपला.

७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच लागते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करा: ४२१ − ७१७ + १३ = −२८३. २८३ ला तिघांपैकी एकानेही भाग जात नाही. घोळ होतो तो स्वल्पविरामांमुळे. १,३७,१७,४२१ असं लिहिलेलं असलं की गटही तसेच पडतात. ते १३ | ७१७ | ४२१ असेच हवेत. मग १७ पासून ४७ पर्यंतच्या मूळ संख्या लावून पाहा. एकही लागत नाही.

आता १७व्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायची, कारण क² − ख² = (क + ख)(क − ख). १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या जरा पुढे आहे, म्हणून ३७०४ पासून सुरू करा.

३७०४² − १३७१७४२१ = २१९५
३७०५² − १३७१७४२१ = ९६०४

२१९५ चं वर्गमूळ काढायची गरजच नाही; शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग २५ नेच संपतो. ९६०४ मात्र ९८ चा वर्ग. म्हणजे अवयव ३७०५ + ९८ = ३८०३ आणि ३७०५ − ९८ = ३६०७.

दुसऱ्याच प्रयत्नात जमलं, कारण दोन्ही अवयव जवळजवळ आहेत. उलट ९८७६५४३२१ घ्या. ९ ने भागून उरलेल्या १०९७३९३६९ वर ही युक्ती थेट लावली तर पावणेदोन लाखांहून जास्त वर्ग तपासावे लागतात. १७ ने मात्र लागोपाठ दोनदा भाग जातो. म्हणून लहान मूळ संख्या आधी, फर्मा नंतर.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का, हेही पाहायला हवं. ३६०७ साठी ५९ पर्यंत गेलं की पुरे. ३८०३ साठी ६१ सुद्धा तपासा, कारण ६१² = ३७२१ हा तिच्यापेक्षा लहान आहे. दोन्ही मूळ ठरतात:

१२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२. दोन ३ वेगवेगळे धरले तर १६ येतात, ते चूक. विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. त्यातून मूळची संख्या वजा केली की ५४९६६०२७ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्मेही नाहीत.