रॅड टेकच्या प्रोग्रामला अप्लाय करताय? आधी कॅलेंडर काढा

मला पहिल्या वर्षी नकार आला तो मार्कांमुळे नाही, एका पाकिटामुळे. भारतातल्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन (म्हणजे ती इथल्या हिशोबात कशाच्या बरोबरीची याचा दाखला) डेडलाइन उलटून नऊ दिवसांनी कॉलेजात पोचलं आणि तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की पुढच्या वर्षी या. प्रोग्रामची बॅच वर्षातून एकदाच सुरू होते, त्यामुळे नऊ दिवसांचं वर्ष झालं. फॉर्म ऑनलाइन भरायला वीस मिनिटं पण लागत नाहीत हो, त्याच्या आधीचं दीड वर्ष खरं, आणि ते कोणी सांगत नाही. अमेरिकेत राहून कम्युनिटी कॉलेजमधून रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी, म्हणजे एक्स-रे काढायचं शिक्षण, करायचं डोक्यात असेल तर हे वाचा, विशेषतः एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा व्हिसा) किंवा नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेल्या आणि तिकडची बीएस्सी-बीकॉम घेऊन घरी बसलेल्या मंडळींनी.

आधी घरच्यांना एकदा समजावून टाका की हे एमडी रेडिओलॉजी नाही. माझ्या आत्याला अजून वाटतं मी रिपोर्ट लिहिणार. रिपोर्ट डॉक्टर लिहितो, आपण पेशंटला नीट झोपवायचं, वळवायचं, एक्सपोजर द्यायचं, कमीत कमी डोसमध्ये वाचता येईल अशी इमेज काढायची. सोनोग्राफी आणि रेडिएशन थेरपी हे वेगळे प्रोग्राम, त्यांच्या फॉर्ममध्ये चुकून जाऊ नका. सीटी, मॅमोग्राफी वगैरे नंतर यावर चढवता येतं. आणि ज्यांनी तिकडे रेडिओग्राफीचा डिप्लोमा केलाय त्यांनाही वाईट बातमी देऊन ठेवते, त्यावर थेट इथली परीक्षा देता येत नाही, इथला मान्य प्रोग्राम करावाच लागतो.

परीक्षा म्हणजे एआरआरटीची, अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स, १९२२ पासूनची संस्था, ऑफिस मिनेसोटात. नोकरीच्या जाहिरातीत हेच नाव दिसतं. २०१५ पासून परीक्षेला बसायला निदान असोसिएट डिग्री लागते, कम्युनिटी कॉलेजात साधारण दोन वर्षांत तीच मिळते. त्यामुळे "काही महिन्यांत एक्स-रे टेक बना" अशी जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच ठेवा, तसल्या कोर्सवर काही राज्यांत मर्यादित कामाचं लायसन्स मिळतं पण हॉस्पिटलमधली दारं उघडत नाहीत.

कॉलेज शोधायचं ते गूगलवर नाही, जेआरसीईआरटीच्या साइटवर. ही शिकागोची संस्था रेडिओग्राफी प्रोग्राम्सना मान्यता देते, राज्य टाकलं की यादी येते. कॅलिफोर्नियात फूटहिल कॉलेज, शिकागोच्या बाजूला कॉलेज ऑफ ड्युपेज, नॉर्थ कॅरोलिनात रॅली शहरात वेक टेक, ह्यूस्टनला ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज, असे प्रोग्राम आपल्या लोकांच्या वस्तीजवळ आहेत, पण मान्यता आजच्या तारखेला आहे का ते स्वतः बघा. प्रत्येक मान्य प्रोग्रामला तीन आकडे जाहीर करावे लागतात: पहिल्या प्रयत्नात परीक्षा पास होणारे किती, नोकरी लागलेले किती, आणि बॅचमध्ये आलेल्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेले किती. सगळे पहिला आकडा बघतात. मी म्हणते तिसरा बघा. पास होण्याचा आकडा ९५ टक्के आणि टिकलेले ६० टक्के असतील तर मधले ४० कुठे गेले ते विचारा, कच्च्या मुलांना आधीच गाळून निकाल चकचकीत ठेवणं हे काही आपल्याकडच्या क्लासवाल्यांनीच शोधलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कम्युनिटी कॉलेजला ॲडमिशन मिळणं आणि प्रोग्रामला मिळणं यात फरक आहे. कॉलेज कोणालाही घेतं, प्रोग्राममध्ये जागा मोजक्याच असतात कारण हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवरचं ट्रेनिंग, करायला जागा मोजक्याच. त्यामुळे बहुतेक ठिकाणी पॉइंट्सवर निवड होते, कुठेकुठे वेटिंग लिस्टवर किंवा चक्क लॉटरीवर. तुमच्या कॉलेजचं पॉइंटशीट डाउनलोड करा, प्रिंट काढा आणि फ्रिजवर चिकटवा. त्यात लिहिलेलं असतं कुठल्या विषयातल्या ए ला किती, बी ला किती, एंट्रन्सला किती, आधीच्या बॅचलर डिग्रीला किती (कुठे भरपूर, कुठे शून्य), हेल्थकेअरमधल्या अनुभवाला किती. मी हे शीट न वाचता सहा महिने व्हॉलंटिअरिंग केलं, आमच्या कॉलेजात त्याचा एकही पॉइंट नव्हता. अनुभव चांगला होता पण त्या शनिवारांमध्ये अल्जेब्राचा बी प्लस सुधारला असता. इन्फो सेशन असतं ते अटेंड करा, काही ठिकाणी ते कंपल्सरी असतं, आणि तिथे सरळ विचारा की मागच्या बॅचला शेवटची जागा किती पॉइंट्सला गेली. सांगतात, लाजू नका.

आता तिकडची डिग्री. वेस किंवा ईसीई सारख्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन करावं लागतं, कॉलेज कुठली मान्य करतं ते आधी बघा आणि ऑर्डर करताना कोर्स-बाय-कोर्सच निवडा, स्वस्तातलं डॉक्युमेंटवालं घेतलं तर विषय आणि जीपीए दिसत नाही आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीतून सील होऊन किंवा त्यांच्या ऑनलाइन पद्धतीने थेट जायला लागतं, तुमच्या कपाटातली लॅमिनेट केलेली मार्कशीट चालत नाही (आणि लॅमिनेट का केली हा प्रश्न आईला विचारून उपयोग नाही). तिकडे कोणीतरी चकरा मारणारं लागतं, माझा मामेभाऊ तीनदा गेला, एकदा संप, एकदा सर्व्हर, एकदा साहेब जेवायला. म्हणून म्हणते डेडलाइनच्या सहा महिने आधी सुरू करा.

नावाचा घोळ तर विचारूच नका. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर माझं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव. इथल्या लोकांना वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. लग्नाच्या सर्टिफिकेटची इंग्रजी कॉपी तयार ठेवा, आणि इथे सगळीकडे, अगदी लसीच्या कागदावरसुद्धा, एकच नाव लावा, कारण पुढे रजिस्ट्रीच्या परीक्षेला आयडीवरचं नाव जुळावं लागतं.

आता विषय. ॲनाटॉमी अँड फिजिओलॉजी एक आणि दोन, लॅबसकट, हे जवळपास सगळीकडे आहे. बरोबर कॉलेज अल्जेब्रा, इंग्लिश कॉम्पोझिशन, कुठे मेडिकल टर्मिनॉलॉजी, सायकॉलॉजी, स्पीच. सायन्सचे विषय पाच-सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे २००९ ची बीएस्सी झूऑलॉजी असली तरी ए अँड पी इथेच करायचं असं धरून चाला. कंटाळू नका, हाच विषय पुढे रोज हाताशी लागतो, मनगटातली आठ हाडं तोंडपाठ नसतील तर रिस्टचे व्ह्यूज समजणार नाहीत. या विषयात बी आला तर रिपीट चालतं का, की फक्त पहिल्या प्रयत्नाचाच ग्रेड धरतात, हे पहिल्या दिवशी विचारा. आणि अवघड गेलं म्हणून पटकन विथड्रॉ करू नका, काही ठिकाणी तोही एक प्रयत्न मोजतात.

एंट्रन्स म्हणून टीस किंवा हेसी मागतात, कुठे काहीच मागत नाहीत. टीसमध्ये १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं, त्यातले ४५ रीडिंगचे, ३८ गणिताचे, ५० सायन्सचे, ३७ इंग्लिशचे. आपले लोक गणिताला हसतात आणि मग औंस, पाउंड, गॅलन, फॅरनहाइट आले की गार होतात, ते कोष्टक पाठ करा. रीडिंगचे प्रश्न साधे दिसतात पण लेखकाचा हेतू काय, कुठलं वाक्य मत आणि कुठलं फॅक्ट असलं विचारतात, त्याची सवय आपल्याला नसते, मला सगळ्यात कमी तिथेच पडले. वर्षात किती वेळा देता येते ते प्रत्येक कॉलेज वेगळं ठरवतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. एच-४ वर शिकता येतं, त्यासाठी एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसा करायची गरज नाही, पण शिकून झाल्यावर पगाराची नोकरी करायला ईएडी म्हणजे कामाचं परमिट लागणार, आणि एच-४ वाल्यांना ते २०१५ पासून मिळतंय पण सगळ्यांना नाही, मुख्यतः नवऱ्याची किंवा बायकोची आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असेल तर. हे नीट बघून मगच दोन वर्षं घाला. फाफ्सा फॉर्म भरून फीसाठी मिळणारी सरकारी मदत ग्रीन कार्ड आणि सिटिझन लोकांना, एच-४ ला नाही. काही क्लिनिकल साइट्स बॅकग्राउंड चेकला एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मागतात, तुमच्याकडे नसेल तर प्रोग्राम डायरेक्टरला आधीच ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. इन-स्टेट फी, म्हणजे त्याच राज्यात राहणाऱ्यांची कमी फी, लागते का तेही लेखी घ्या, दुपटी-तिपटीचा फरक पडतो.

लसींचे कागद हा आपला खास मराठी सापळा आहे. लहानपणीचं कार्ड कोणाकडे असतं? काही हरकत नाही, डॉक्टरला सांगून गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हेपॅटायटिस बी यांची टायटर करून घ्या, रक्तात अँटिबॉडी दिसल्या की काम झालं. हेपॅटायटिस बी नसेल तर तीन डोसच्या जुन्या कोर्सला सहा महिने जातात, म्हणून सिलेक्शनची वाट बघत बसू नका. आणि टीबी. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, त्यामुळे इथली कातडीवरची टीबी टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग फॉर्म, मग फोन. क्वांटिफेरॉनसारखी रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

ड्रग टेस्टही असते. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी हॉस्पिटलला फरक पडत नाही. आणि कोणाच्या नावावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस वगैरे असेल तर लपवू नका, एआरआरटीकडे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच एथिक्स रिव्ह्यू मागता येतो, पैसे लागतात पण दोन वर्षांनी परीक्षेच्या तोंडावर कळण्यापेक्षा बरं.

निबंध किंवा इंटरव्ह्यू असेल तर "मला लोकांची सेवा करायची आहे" हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा एक दिवस डिपार्टमेंटमध्ये शॅडोइंग करा, म्हणजे टेकच्या मागे उभं राहून काम बघा, आणि जे दिसलं ते सांगा. मी आयसीयूत पोर्टेबल चेस्ट, म्हणजे मशीन पलंगाशी आणून काढलेला छातीचा एक्स-रे, बघितला, नळ्या-वायरींच्या जंजाळात टेकने पेशंटच्या पाठीखाली प्लेट सरकवली, एकही वायर न ओढता, आणि पूर्ण वेळ त्या बेशुद्ध माणसाशी बोलत होती. तेच मी इंटरव्ह्यूत सांगितलं. त्यांनी विचारलं, चुकीच्या हाताचा एक्स-रे काढला असं लक्षात आलं तर काय करशील? लगेच सांगेन, लपवणार नाही, एवढंच म्हणाले. दुसऱ्या एकीने मराठी, हिंदी, गुजराती येतं म्हणून मी दुभाष्याचं काम करेन असं सांगितलं, तिला थोडं अडवलं, कारण हॉस्पिटलमध्ये त्यासाठी क्वालिफाइड इंटरप्रिटर लागतो. भाषा येते हे जरूर सांगा, धीर द्यायला उपयोगी पडते, बाकीचं त्यांच्यावर सोडा.

अप्लाय करायच्या आधी घरात बसून वेळेचं बोलून घ्या. क्लिनिकल सकाळी सात-साडेसातला, पगार नाही, वर्ग धरून आठवड्याचे चाळीस तासांपर्यंत जातात, आणि साइट घरापासून तासभर लांब पडू शकते, म्हणजे गाडी आणि लायसन्स पाहिजेच. आमच्याकडे सासूबाई सहा महिने होत्या तेव्हा निभावलं, त्या गेल्यावर मुलीच्या शाळेची बस आणि माझी शिफ्ट यांची रोज मारामारी. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर घाबरू नका, ते सांगायचं की नाही हे तुमच्या हातात असतं, लेखी डिक्लेअर केलं की बाळासाठी नऊ महिन्यांत ५ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि रेडिएशन मोजणारा वेगळा बॅज देतात.

दुसऱ्या वर्षी माझे पॉइंट्स पुरले नाहीत, अल्टरनेट लिस्टवर (कोणी जागा सोडली तर बोलावतात त्या यादीत) तिसरी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला, स्पॅम समजून मी कट करणार होते. एक जागा रिकामी झालीये, शुक्रवारपर्यंत लसी, सीपीआर आणि बॅकग्राउंड चेक अपलोड होईल का? सीपीआरचं म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस कार्ड, पूर्ण ऑनलाइनवालं बहुतेक ठिकाणी चालत नाही. माझं सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून पडलं होतं, फक्त बॅकग्राउंड चेकचे पैसे भरायचे होते. माझ्या आधीच्या दोघींचं काय झालं माहीत नाही. मंगळवारी फोन आला होता, बुधवारी दुपारी मी अपलोडचं बटण दाबलं आणि मग नवऱ्याला फोन केला.